हिरवा टप आणि पंकजाची फायनल

मित्रांनो, मी एक जुना स्मार्टफोन आहे. इतका जुना, की माझ्या पाठीचं झाकण आता रबराने बांधून ठेवावं लागतं आणि काचेच्या कोपऱ्यात कोळ्याने जाळं विणावं तशा रेघा उमटल्या आहेत. मला पाहून तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. आता मलाही येतं. पण मागच्या पौषात एका हिरव्या प्लास्टिकच्या टपाच्या बदल्यात मी जाणार होतो, तेव्हा मात्र मला मुळीच हसू येत नव्हतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. पांढरेशुभ्र दिवे आणि हातमोजे घातलेली भरभर चालणारी बोटं, एवढंच. नीट जाग आली ती पाथर्डीच्या एका दुकानात, काचेच्या कपाटात. तिथून बजरंगने मला घरी आणलं. तिसगावच्या अलीकडे, माळाला लागून आठ-दहा घरांची एक वस्ती आहे. तिथे बजरंगचं घर. पाऊस झाला तर बाजरी, तूर, थोडी ज्वारी; आणि दसरा झाला की नवरा-बायको ऊसतोडीला कोपरगावकडे. मी बजरंगच्या शर्टाच्या खिशातून जायचो.

काय दिवस होते ते! उसाच्या पाचटाची कूस माझ्या बटणांत अडकायची. ट्रॉली भरताना बजरंग मला दातांत धरून माझा उजेड पाडायचा. संध्याकाळी कोपीसमोर, म्हणजे आमच्या पाचटाच्या झोपडीसमोर, चूल पेटली, की तो मला वीट लावून उभा करायचा आणि घरी राहिलेली त्याची मुलगी पंकजा शेजाऱ्यांच्या फोनवरून माझ्या काचेत दिसायची. आजूबाजूच्या कोप्यांतली माणसं गोळा व्हायची. "बजरंगाचा मोबाईल लई भारी," असं कुणी म्हटलं, की माझी बॅटरी उगाचच भरल्यासारखी वाटायची.

पण नवेपण कुणाचं टिकतं? माझ्यापेक्षा मोठ्या काचेचे, चपळ फोन आले. माझं पोट फोटोंनी भरून गेलं. एक पान उघडायला मला इतका वेळ लागे, की तोवर बजरंगची तंबाखू मळून व्हायची. शेवटी त्याने नवा फोन घेतला आणि मी लोखंडी पेटीत, दोन गोधड्यांच्या मध्ये गेलो. तिथे मला फार एकटं वाटायचं. गेल्या दसऱ्याला मात्र पेटी उघडली. कोपरगावला निघण्याआधी बजरंगने मला पुसलं, चार्जिंगला लावलं आणि वडिलांच्या हातात दिलं.

"दादा, पंकी नगरला, आमी तिकडं. हा असू द्या जवळ. बोलायला तरी व्हईल."

बजरंगचे वडील म्हणजे श्रीमंतबाबा. तरुणपणी ते जत्रांमधल्या कुस्त्या मारायचे. फेटे मिळवायचे, नारळ मिळवायचे. आता त्यांचे हात थरथरतात, पण मान अजून पैलवानाचीच आहे. पंकजा लहानपणी वासराशी झोंबायची, ते पाहून बाबांनीच बजरंगला सांगितलं, "पोरीला नगरच्या खेळाच्या शाळेत घाल. तिच्या अंगात कुस्ती हाय." पंकजा तिथल्या वसतिगृहात गेली.

ही गोष्ट लंकाआजींना, म्हणजे बाबांच्या बायकोला, अजिबात पटली नव्हती. "पोरीच्या जातीला कुस्ती कशाला?" त्या म्हणायच्या. "कान मोडला तर कोन करील तिला?" पंकजाचा फोन आला, की आजी विचारायच्या, "जेवलीस का? थंडी हाय का तिकडं?" कुस्तीचं नाव त्या काढत नसत. पंकजानेही ते काढायचं सोडून दिलं होतं.

पौषातल्या एका शुक्रवारी पंकजाचा मेसेज आला. "बाबा, उद्या दहा वाजता माझी कुस्ती आहे. टीव्हीवर दाखवत नाहीत. फक्त या लिंकवर दिसेल. नक्की बघा."

बाबा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी एकेक अक्षरावर बोट ठेवून मेसेज दोनदा वाचला. शनिवारी लवकर अंघोळ करून, डोक्याला टोपी घालून ते ओट्यावर बसले आणि त्यांनी लिंकवर बोट ठेवलं.

आता इथे तुम्हाला माझी अडचण सांगायला हवी. इंटरनेट हे एक भलंमोठं गाव आहे असं समजा. ब्राउझर ही त्या गावाची वेस. वेशीतून गेल्याशिवाय गावात शिरता येत नाही. माझ्याबरोबर कारखान्यातूनच एक ब्राउझर आला होता. त्याला बनवणाऱ्यांनी त्याच्याकडे बघायचं कधीच सोडून दिलं होतं. गावातल्या घरांची कुलपं बदलली, पण याच्या कमरेला त्याच जुन्या किल्ल्या. त्याने पंकजाच्या लिंकला किल्ली लावून पाहिली आणि पांढऱ्या पानावर लिहिलं, ‘हे ठिकाण सुरक्षित नाही.’

बाबा घाबरले. मागे येण्यासाठी त्यांनी दोन-तीन ठिकाणी बोट लावलं, तशी एक जाहिरात फडफडत आली. ‘तुमचा फोन मंद झाला आहे! त्यात व्हायरस शिरला आहे! हा वेगवान ब्राउझर ताबडतोब घ्या!’ मी माझ्या परीने सावध केलं. अनोळखी ठिकाणाहून आलेलं ॲप चालेल का, असं विचारलं. पण पंकजाची कुस्ती सुरू व्हायची वेळ झाली होती. बाबांनी ‘हो’ दाबलं.

मित्रांनो, तो ब्राउझर नव्हता, आठवडे बाजार होता. उघडताच एक नटी नाचायला लागली, तिच्यावर रमीचे पत्ते पडले, पत्त्यांवर कुठल्याशा तेलाची बाटली. बाबा एक जाहिरात बंद करत, तर तिच्या जागी दोन येत. या गोंधळात कुस्ती होऊन गेली.

दुपारी पंकजाचा फोन आला. तिचा आवाज आनंदाने फुटत होता. "बाबा, जिंकले मी! बघितली का?"

बाबांनी ओट्यावरून दूर माळाकडे पाहिलं. "व्हय तर. बघितली की. लई झाक झाली."

"शेवटचा डाव कसा वाटला?"

बाबांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर बसवली.

"बाबा?"

"झाक हुता," बाबा हळूच म्हणाले.

पलीकडे पंकजाने काय ते ओळखलं. मग म्हणाली, "असू द्या बाबा. उद्या चार वाजता फायनल हाय. जमलं तर बघा."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच बाबांना ते फार लागलं. ते मला मांडीवर उपडं ठेवून बराच वेळ बसून राहिले. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता.

तो बाजारू ब्राउझर मात्र दिवसभर कोकलत राहिला. ‘बक्षीस जिंका!’ टिंग. ‘तुमचं भविष्य जाणा!’ टिंग. आजी तूर निवडत होत्या. त्या वैतागल्या. "ह्याच्यापरीस टिटवी बरी! कामाचं न्हाई, धामाचं न्हाई. उद्या त्या टपवाल्याला देऊन टाकते." बोलता बोलता माझी बॅटरी संपली आणि मी विझलो.

रविवारी सकाळी वस्तीवर भोंगा वाजला. "जुना मोबाईल, बंद मोबाईल, फुटका मोबाईल, घेऊन या, घेऊन या! बदल्यात टप घ्या, बादली घ्या, घमेलं घ्या!" तो बिभीषण होता. मोटारसायकलवर रंगीबेरंगी प्लास्टिकचा डोंगर रचून तो गावोगाव फिरतो.

आजींचा कपडे भिजवायचा टप बुडाला चिरला होता. त्यांनी मला कोनाड्यातून उचललं आणि डोंगराच्या टोकावरच्या हिरव्या टपाकडे बोट दाखवलं. "तो दे."

बिभीषणने माझं बटण दाबलं. मी कसाबसा डोळा किलकिला केला आणि पुन्हा मिटला. "आजी, हा तर मेलाय. ह्याच्यात टप न्हाई बसत. मग देतो."

"मग म्हंजी कवा?" आजींनी विचारलं.

"आवो, मग म्हंजी पानी घ्यायचा मग. प्लास्टिकचा."

मित्रांनो, ज्याने कधी कोप्यांसमोर शाबासकी घेतली, त्याची किंमत एक मग! वर आजी म्हणाल्या, "मग नको, बादली तरी दे." घासाघीस सुरू झाली. बाबा ओट्यावर खाली मान घालून बसले होते.

तेवढ्यात शेजारची निकिता हंडा घेऊन निघाली होती, ती थांबली. निकिता म्हणजे शेजारच्या गोरक्षची बायको. तुळशीच्या लग्नानंतर तिचं लग्न झालं आणि ती श्रीरामपूरहून या माळावर आली. वस्तीवरची तरणी माणसं तोडीला गेलेली, गोरक्ष कांदा घेऊन नगरच्या मार्केटला. तिचा स्वतःचा नवा फोन दोनच दिवसांपूर्वी पाण्याच्या हौदात पडला होता आणि तिसगावच्या दुकानात दुरुस्तीला होता. ती दिवसभर कुणाशी बोलावं याच विवंचनेत असायची.

"बाबा, आज पंकजाची फायनल ना?" तिने विचारलं. "मग मोबाईल कुठं देताय?"

"त्याच्यात दिसत न्हाई पोरी," बाबा म्हणाले. "काल बी दिसली न्हाई. मी तिला खोटं सांगितलं, बघितली म्हून."

हे आजींनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी बादलीवरचा हात काढला.

निकिताने हंडा खाली ठेवला. "आजी, संध्याकाळपर्यंत थांबा. मी बघते. नाहीच झालं, तर द्या."

आजींनी बाबांकडे पाहिलं, मग बिभीषणकडे. "माघारी ह्याच वाटंनं येतोस ना? तवा ये. पन तो हिरवा टप दुसऱ्याला देऊ नको."

निकिताने मला चार्जिंगला लावलं. मी जागा झालो, पण माझं घड्याळ पार भरकटलं होतं. मी कितीतरी वर्षं मागची तारीख दाखवत होतो. कोणतंही ठिकाण उघडायला गेलं, की ‘सुरक्षित नाही’चा धोशा. निकिता आधी गोंधळली. मग तिचं लक्ष तारखेकडे गेलं आणि ती मोठ्याने हसली. "आवो बाबा, ह्याला अजून पंकजा अंगणवाडीत आहे असं वाटतंय!" तिने वेळ आपोआप लागेल अशी सोय सुरू केली. माझं डोकं ठिकाणावर आलं. मग तिने त्या आठवडे बाजाराला, म्हणजे कालच्या ब्राउझरला, काढून टाकलं. काय सांगू, पायातला काटा निघावा तसं वाटलं.

"आता चांगला ब्राउझर टाकू," ती म्हणाली. पण चांगला म्हणजे कोणता? तिने तोच निवडला, जो तिच्या स्वतःच्या नव्या फोनवर होता. नावाजलेला, भारदस्त. तो उतरवायला माझ्या पोटात जागाच नव्हती. निकिताने आत पाहिलं, तर शेकडो ‘शुभ सकाळ’! गुलाबाची फुलं, वाफाळता चहा, उगवता सूर्य.

"हे काढू का बाबा?"

"काढ. पन त्यात पंकीचा लंगोट-बनियनवरचा फोटो हाय, वासरासंगं. तो ठेव."

तिने तो ठेवला आणि बाकीचे सूर्य मावळवले. भारदस्त ब्राउझर आत आला. मी त्याला उचलायचा फार प्रयत्न केला. पान अर्धं उघडलं आणि मी तव्यासारखा तापलो. निकिताने मला एका हातातून दुसऱ्या हातात झेललं. मग मी जो थिजलो, तो बंदच पडलो. दोन वाजून गेले होते.

निकिताने मला पुन्हा सुरू केलं. आता ती दुसऱ्या टोकाला गेली. तिने सगळ्यांत लहान, पिसासारखा हलका ब्राउझर शोधला. तो चटकन उघडला, पानंही चटकन आली. बाबा पुढे सरकले. पण आखाड्याच्या चित्रावर बोट लावलं, तर ते चित्रच राहिलं. हलेना, बोलेना. त्याने वजन कमी करता करता व्हिडिओच गाळून टाकला होता.

"आता काय करायचं?" निकिता रडवेली झाली.

आजी उंबऱ्यात बसून हे सारं पाहत होत्या. आपलं त्यात लक्ष नाही असं दाखवण्यासाठी त्या सुपातली तीच तूर पुन्हा पुन्हा पाखडत होत्या. त्या म्हणाल्या, "आगं, बैल म्हातारा झाला म्हून त्याला उसाच्या गाडीला जुपू नये, ते खरं. पन निस्तं मोकळं बी हिंडवू नये. त्याला पेलंल असं वझं बघ की."

निकिता त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग ती मला घेऊन त्यांच्या शेजारी उंबऱ्यातच बसली. आता ती नाव बघून निवडत नव्हती. माझ्यातल्या दुकानात एकेका ब्राउझरची माहिती ती मोठ्याने वाचायला लागली. हा किती जागा खातो? माझ्यासारख्या जुन्या फोनवर चालतो का? बनवणाऱ्यांनी याच्याकडे शेवटचं कधी पाहिलं?

"हा बघा आजी, छोटा आहे. पण ह्याला आपले सगळे नंबर बघायचेत आणि आपलं बोलणं ऐकायची परवानगी पाहिजे."

"अगं बया!" आजी म्हणाल्या. "पाव्हणा घरात यायच्या आधीच कनगीत काय हाय इचारतो? नको त्यो."

दुसरा एक बरा वाटला, पण त्याची डागडुजी होऊन चार वर्षं उलटली होती. "त्याचा मालक मेला असंल," आजींनी निकाल दिला.

शेवटी एक सापडला. फार मोठा नाही, फार हलका नाही. गेल्याच महिन्यात त्याची डागडुजी झालेली. जाहिराती वेशीबाहेरच अडवणारा. आणि माझ्या किल्ल्या जुन्या झाल्या असल्या, तरी स्वतःच्या नव्या किल्ल्या बरोबर घेऊन येणारा. उंबऱ्यात त्या दोघींचं एकमत झालं. निकिताने आधीचे दोघे काढून टाकले. "एकाच बैलगाडीला तीन गाडीवान नकोत," असं आता तीच म्हणाली.

तो आत आला. हळूच, बूट बाहेर काढून आल्यासारखा. त्याने पंकजाच्या लिंकला किल्ली लावली आणि दार उघडलं! निळी मॅट दिसली, पंच दिसले, माणसांचा गलका ऐकू आला. चित्र अडखळत होतं. निकिताने व्हिडिओची स्पष्टता थोडी कमी केली, तसं ते वाहतं झालं. त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो कोप्यांसमोरच्या शाबासकीपेक्षा मोठा होता.

चार वाजले. बाबांनी मला हातात घेतलं. पण त्यांच्या हाताची थरथर इतकी, की मॅट, पंच आणि पैलवान सगळेच भूकंप झाल्यासारखे हलत होते. निकिताने मला तांब्याला टेकवलं, मी घसरलो. भिंतीला टेकवलं, काचेवर ऊन आलं.

"आना हिकडं!" आजी म्हणाल्या. त्यांनी सूप बाजूला सारलं, मला दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि बाबांसमोर बसल्या. "मी काय बघनार न्हाई. निस्ता धरते."

पंकजा निळ्या पोशाखात मॅटवर आली. केस घट्ट बांधलेले. समोरची मुलगी लाल पोशाखात, तिच्यापेक्षा दांडगी. सुरुवातीलाच लाल मुलीने पंकजाला खाली आणलं. बाबांनी मांडीवर मूठ आपटली. आजींची मान हळूहळू वाकडी होऊन माझ्या काचेसमोर आली होती.

"ती दांडगी कोन हाय?" त्यांनी विचारलं. "तिला इतकं का रेटू देती ही?"

दुसरी फेरी सुरू झाली. पंकजा मागे होती. अचानक ती खाली झुकली, तिने लाल मुलीचा एक पाय उचलला आणि...

आणि माझ्या काचेवर ते गोल चक्र फिरू लागलं.

मित्रांनो, तेव्हा माझ्यावर काय गुजरली, ते माझं मलाच ठाऊक. वस्तीवर आधीच रेंज बारीक, त्यात वारा सुटलेला. बाबा पुढे झुकले. निकिताने ओठ दाताखाली धरला. आणि आजींनी आपलं तोंड माझ्या अगदी जवळ आणलं. त्यांच्या श्वासाची वाफ माझ्या काचेवर आली. "चल रं माझ्या राजा," त्या पुटपुटल्या. "एवढ्या बारीला चल."

मला कुणी असं कधी म्हटलं नव्हतं. मी आणि तो नवा ब्राउझर, दोघांनी मिळून जोर लावला. त्याने चित्र आणखी थोडं पुसट केलं, पण थांबू दिलं नाही. चक्र गेलं. लाल मुलगी खाली होती आणि पंकजा वर!

"एकेरी पट!" बाबा ओरडले. "पट काढला पोरीनं!"

पंकजा आता पुढे होती. वेळ संपत आला होता. लाल मुलगी चवताळून आली. पंकजा मागे सरकली, आणखी मागे सरकली, आणि तेवढ्यात त्या मुलीने तिला कमरेत धरून खाली घेतलं. शिट्टी वाजली. पंचाने लाल पोशाखातल्या मुलीचा हात वर केला. पंकजा एका गुणाने हरली होती.

दूर कुठेतरी शेळी ओरडत होती.

थोड्या वेळाने मी वाजलो. पंकजा हुंदके देत होती. "बाबा, हारले मी."

बाबांनी मला आजींच्या हातातून घेतलं. "दुसऱ्या फेरीत तू एकेरी पट काढलास, तवा तुझं डोकं आतल्या अंगाला हुतं. मी तुला शिकवलं हुतं तसं. त्या दांडगीचा तोल उजवीकडं गेला, ते बी तू बराबर हेरलंस."

पंकजाचे हुंदके थांबले. "बाबा, तुमी खरंच बघितली?"

"बघितली. काल न्हवती बघितली. आज बघितली."

ती पुन्हा रडायला लागली, पण आता त्या रडण्यात हसू मिसळलेलं होतं. तेवढ्यात आजींनी मला बाबांच्या हातातून ओढून घेतलं.

"आन तू माघारी का सरकलीस गं? शेवटी? तिला अंगावर येऊ दिलंस म्हून गेली कुस्ती! पुढच्या बारीला धर तिला आन चीत करून ये. खाती का न्हाई काही तिकडं?"

"आजी? तू बघितलीस माझी कुस्ती?"

"मी कशाला बघू?" आजी म्हणाल्या. "मी निस्ता मोबाईल धरला हुता."

बाबा आणि निकिता एकमेकांकडे बघून इतके हसले, की बाबांची टोपी खाली पडली.

दिवस मावळताना बिभीषण भोंगा वाजवत आला. हिरवा टप त्याने खरंच राखून ठेवला होता. आजी फाटकापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "जा बाबा पुढं. ह्याच्यात नात हाय माझी." बिभीषणला काही कळलं नाही. त्याला वाटलं आजींना अजून मोठा टप हवा आहे, म्हणून तो लाल दाखवायला लागला.

त्यानंतर माझे दिवस पालटले. निकिताने आजींना नव्या ब्राउझरची सगळी रीत शिकवली. आजी आता दर सोमवारी साठलेला कचरा काढून टाकतात, घर सारवल्यासारखा. कुठल्या पानाने ‘सूचना पाठवू का?’ विचारलं, की त्या ‘नको’ दाबतात आणि वर तोंडाने दोन शब्द सुनावतात. ब्राउझरची डागडुजी आली, की निकिताला हाक मारतात. वस्तीवरचे इतर म्हातारे आपापले थकलेले फोन घेऊन निकिताकडे येऊ लागले आहेत. त्यामुळे तिला बोलायला माणसं मिळाली, आणि तिचा स्वतःचा फोन दुरुस्त होऊन आला, हे ती दोन दिवस विसरूनच गेली होती.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा थकलेला फोन असेल. त्याला फेकून देण्याआधी एकदा नीट पाहा. दोष त्याच्यात आहे, की त्याच्या पाठीवर टाकलेल्या ओझ्यात? त्याला झेपेल असा, डागडुजी होत असलेला एकच ब्राउझर द्या. जाहिरातीने हाक मारली म्हणून कुणालाही घरात घेऊ नका. जे घ्यायचं ते फोनच्या स्वतःच्या दुकानातून, विचारपूस करून घ्या. बँकेची वगैरे नाजूक कामं मात्र आमच्यासारख्या म्हाताऱ्यांवर सोपवू नका. आमच्या भिंती आता जुन्या झाल्या आहेत. बाकी गाणी, बातम्या, धडे, कुस्त्या, हे सगळं आम्ही अजून आनंदाने दाखवू.

गुढीपाडवा झाला, उसाचं गाळप संपलं आणि साखर कारखान्याचा पट्टा पडला. बजरंग आणि त्याची बायको कोपरगावहून परतले. पंकजाही सुट्टीला आली होती. ती कुस्ती आई-बापाने पाहिली नव्हती. आजींनी सगळ्यांना ओट्यावर बसवलं, मला हातात घेतलं आणि कुणालाही न विचारता, बरोबर जागी बोट लावून लिंकवर राहिलेलं त्या कुस्तीचं रेकॉर्डिंग लावलं. आता सगळे डाव त्यांना पाठ होते. "आता बघा, ती रेटनार... आता बघा, पट काढनार... काढला का न्हाई!" पंकजा लाजून आईच्या मागे लपत होती. बजरंग तर पापणीही हलवत नव्हता.

शेवट जवळ आला. लाल मुलगी पुढे आली, पंकजा मागे सरकली. आणि शिट्टी वाजायच्या आत आजींनी माझ्या काचेवर तळहात ठेवला. खरखरीत, उबदार, सबंध काच झाकणारा.

"एवढंच हुतं," त्या म्हणाल्या. "पुढं काय न्हाई."

"आवं पन आवाज येतोय की," बाबा म्हणाले.

आजींनी दुसरा हातही माझ्यावर ठेवला. त्या दोन तळहातांच्या अंधारात मी ती हार एकट्यानेच पाहिली; आणि बाहेर ओट्यावर सगळ्यांत मोठ्याने पंकजा हसत होती.